अमेरिकेत उमेदवार घरी बसायचा, तो प्रचाराला बाहेर कधी पडला?

निंबोणी:
१८९६ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक वाचताना एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन रेल्वेने १८ हजार मैल फिरला, २७ राज्यांत सहाशेच्या आसपास भाषणं केली. रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसून राहिला. निवडून आला मॅकिन्ली, २७१ विरुद्ध १७६ इलेक्टोरल मतांनी (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, म्हणजे इलेक्टरांची मतं).

हे नेहमी 'एक धडपड्या हरला, एक आरामात बसलेला जिंकला' असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. माझ्या मते ओसरीवर बसणं हा तेव्हाचा सगळ्यात काटेकोर आखलेला प्रचार होता. तरीही पुढे ओसरी मागे पडली आणि उमेदवाराने गावोगाव फिरणं हाच नियम झाला. हा बदल नेमका कशामुळे आणि कधी झाला? जाणकारांनी किश्श्यांपेक्षा यंत्रणा सांगावी: कोण काय करायचं, पैसा कुठून यायचा, कुठे फसायचं.

दस्तऐवज:
धागा काढलात हे फार चांगलं केलंत. थोडं मागून सुरू करतो.

सुरुवातीचा संकेत असा होता की पद माणसाकडे चालत येतं, माणसाने पदामागे धावायचं नाही. उमेदवाराने स्वतःसाठी मत मागणं हलकं समजलं जायचं. पक्षाच्या अधिवेशनात नाव ठरलं तरी उमेदवार तिथे नसायचा. काही आठवड्यांनी पक्षाची समिती त्याच्या घरी जाऊन 'आपली निवड झाली आहे' असं रीतसर कळवायची आणि तो तेव्हाच कळल्यासारखं उत्तराचं भाषण करायचा. तारायंत्र आल्यावर बातमी त्याच दिवशी पोहोचू लागली, तरी हा सोहळा चालूच राहिला.

संकेताला पहिला मोठा तडा १८४० मध्ये गेला. व्हिग पक्षाचा विल्यम हेन्री हॅरिसन जूनमध्ये ओहायोतल्या फोर्ट मेग्ज इथे जमावापुढे बोलला. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतः केलेल्या पहिल्या प्रचारभाषणांत ते धरतात. त्याच निवडणुकीत विरोधी वृत्तपत्राने 'म्हाताऱ्याला सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) पिंप आणि पेन्शन द्या, तो लाकडी झोपडीत बसून राहील' अशी हेटाळणी केली. व्हिगांनी तीच उचलली. मिरवणुकीत चाकांवरच्या झोपड्या आल्या, सायडरची पिंपं आली, घोषणा लिहिलेले माणसापेक्षा उंच चेंडू ढकलत एका गावातून दुसऱ्या गावी नेले गेले. हॅरिसनचा जन्म व्हर्जिनियातल्या मोठ्या मळ्यावरच्या हवेलीतला, पण झोपडी चिकटली ती चिकटली. मतदान ८० टक्क्यांच्या घरात गेलं.

हे १८४० लाच का? कारण तोवर साउथ कॅरोलायना सोडलं तर सगळ्या राज्यांत इलेक्टर थेट लोकांच्या मतांनी निवडले जात होते. विधिमंडळातल्या पन्नास माणसांना पटवायचं असेल तर चेंडू ढकलत नेऊन काय उपयोग?

आडवळण:
१८६० चा स्टीफन डग्लस विसरू नका. त्याने उघड दौरा काढला, पण संकेत मोडल्याचा ठपका नको म्हणून न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या आईला भेटायला चाललोय असं सांगितलं. वाटेत बॉस्टन, हार्टफर्ड, ऱ्होड आयलंड सगळं आलं. आईपर्यंत पोहोचायला दोनेक महिने लागले. विरोधकांनी 'मुलगा हरवला आहे' असं पत्रकच छापलं, वर्णनासकट!

त्याच दौऱ्याचा शेवट मात्र मला फार मोठा वाटतो. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानातल्या राज्य निवडणुकांचे निकाल आले, तेव्हा त्याला आपला पराभव दिसला. लिंकन अध्यक्ष होणार, आता संघराज्य वाचवायला हवं, असं म्हणून तो दक्षिणेत गेला. तिथे मतं मिळणार नव्हती. फुटून निघू नका हे सांगण्यासाठीच तो गेला होता. पुढच्या जूनमध्ये तो वारला.

शाईवाला:
यंत्रणा विचारलीत म्हणून मतपत्रिकेबद्दल लिहितो. प्रचाराच्या इतिहासात तिला कुणी जागा देत नाही, पण बदलाचं एक मोठं कारण तीच आहे.

१८८८ पर्यंत सरकार मतपत्रिका छापतच नव्हतं. छापायचे पक्ष. एका लांबट कागदावर इलेक्टरांपासून गावच्या पदांपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची नावं असायची. प्रत्येक पक्षाचा कागद वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या छपाईचा, म्हणजे लांबूनही ओळखू यावा. मतदानकेंद्राबाहेर पक्षाची माणसं हे कागद वाटायची. मतदार तो घेऊन सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. काही ठिकाणी पेटीच्या जागी लाकडी चौकटीत बसवलेला काचेचा गोल असायचा. ज्याने पैसे दिले, तो कडेला उभा राहून रंग बघायचा. दिलेला पैसा वसूल झाला की नाही हे तिथल्या तिथे कळायचं.

एखाद्या उमेदवारावर नाराजी असली तर? त्यासाठी डिंक लावलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या मिळायच्या, त्यावर दुसऱ्याचं नाव छापलेलं असायचं. नको त्या नावावर पट्टी चिकटवायची, बस. म्हणून पक्ष मुद्दाम दाटीवाटीची छपाई करायचे, ओळींत जागा ठेवायचे नाहीत, म्हणजे पट्टी नीट बसूच नये.

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धत घेतली. सरकारी छापील पत्रिका, सगळी नावं एकत्र, पडद्याआड खूण. १८९६ पर्यंत बहुतेक राज्यांनी ती उचलली. आता पैसे देऊन मत कुणाला पडलं हे तपासता येईना. मशाली घेऊन आपली ताकद दाखवणाऱ्या मिरवणुकांचाही निम्मा अर्थ गेला. पडद्याआड एकट्या उभ्या असलेल्या माणसाला आतून पटवणं भाग पडलं. मग पत्रकं आली आणि पत्रकांपाठोपाठ उमेदवाराचा स्वतःचा आवाज आला.

कावेरीकाठ:
शाईवाला, क्या बात है! चिकटपट्टीचं माहीत नव्हतं.

व्हरांडा:
निंबोणी यांच्याशी पूर्ण सहमत. कँटनची पद्धत टप्प्याटप्प्याने सांगतो, म्हणजे 'आराम' किती होता ते दिसेल.

आधी गटाने पत्र लिहून तारीख मागायची. गट म्हणजे एखाद्या गिरणीचे कामगार, पेनसिल्व्हेनियातले शेतकरी, युद्धातले जुने सैनिक, महिला मंडळं, सायकल क्लब. गटाचा म्होरक्या काय बोलणार ते भाषण आधी लिहून पाठवायचं. मॅकिन्ली ते वाचायचा, खटकेल ते काढायचा, स्वतःला हवा तो मुद्दा त्यात घालायचा आणि परत पाठवायचा. उत्तराच्या भाषणासाठी त्या गावाची, तिथल्या धंद्याची माहिती जमवली जायची. ठरल्या दिवशी रेल्वे कंपनीची सवलतीची गाडी कँटनला लागायची. घोडेस्वारांची तुकडी आणि बँड गटाला स्टेशनवरून घरापर्यंत आणायचे. म्होरक्या बोलायचा, मॅकिन्ली जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा एकाग्रतेने ऐकायचा आणि उत्तर द्यायचा. हस्तांदोलन झालं की गट बाजूला, कारण पुढचा कोपऱ्यावर उभा असायचा. दोन्ही भाषणं दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत.

अशी सुमारे साडेसात लाख माणसं आली. गवत तर गेलंच, कुंपण आणि ओसरीचे तुकडेही लोक आठवण म्हणून घेऊन गेले.

म्होरक्याचं भाषण तपासायचं कारण १८८४ मध्ये आहे. २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हॉटेलात रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन याच्यासमोर सॅम्युएल बर्चर्ड नावाचे धर्मोपदेशक स्वागताचं बोलले. डेमोक्रॅट म्हणजे 'रम, रोमनिझम आणि रिबेलियन' यांचा पक्ष, असं ते म्हणून गेले. दारू, कॅथलिक पंथ आणि बंडखोरी एका दमात! दमलेल्या ब्लेनने तिथल्या तिथे हरकत घेतली नाही. डेमोक्रॅटांचा लघुलेखक खोलीत होता. रविवारी कॅथलिक चर्चांच्या दारात पत्रकं वाटली गेली. मंगळवारी मतदान. न्यूयॉर्क राज्य ब्लेनने जेमतेम हजारभर मतांनी गमावलं आणि तिथल्या ३६ इलेक्टोरल मतांबरोबर अध्यक्षपदही गेलं.

पुढच्याच निवडणुकीत, १८८८ ला, बेंजामिन हॅरिसन इंडियानापोलिसला घरीच राहिला. त्याने लघुलेखक आपला ठेवला आणि भाषण नजरेखालून घातल्याशिवाय वृत्तसंस्थेकडे सोडलं नाही. तीन लाखांच्या आसपास लोक येऊन गेले, घोटाळा एकही नाही. ओसरीवर समोरचा काय बोलेल यावरही उमेदवाराचा ताबा होता, दौऱ्यावर तो राहिला नसता.

रोखठोक:
ओसरीचं कौतुक आवरा थोडं. १८९६ ओसरीने जिंकलेली नाही, पैशाने जिंकली.

१८८३ च्या पेंडल्टन कायद्याने सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षनिधी कापण्याची वाट बंद होत गेली. मग पैसा उद्योगांकडून आला. मॅकिन्लीचा सूत्रधार मार्क हॅना याने वर्गणीला शिस्त लावली: बँकांनी भांडवलाच्या पाव टक्का द्यायचा. मागणी ठरलेल्या दराने, हिशोब चोख. स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. एकूण निधी ३५ लाख डॉलर, ब्रायनकडे त्याच्या पाचवा हिस्साही नव्हता. शिकागोच्या कचेरीतून २० कोटींच्या आसपास पत्रकं गेली, जर्मन, स्वीडिश, पोलिश, इटालियन अशा भाषांतही. मतं पडली एकूण १ कोटी ४० लाखांच्या आत. सवलतीच्या गाड्या रेल्वे कंपन्यांनी दिल्या, कारण ब्रायनची त्यांना धास्ती होती. घरी बसण्यापेक्षा कँटनला जाऊन येणं स्वस्त, असं तेव्हा गमतीने म्हणत.

ओसरी हे दुकानाचं दर्शनी दार होतं. माल मागच्या गोदामात होता.

निंबोणी:
रोखठोक, पैशाचा मुद्दा मान्य. पण पैसा असूनही हॅनाला मॅकिन्ली दौऱ्यावर हवा होता आणि मॅकिन्लीने साफ नकार दिला. त्याचं म्हणणं असं की मी अख्खी गाडी केली तर ब्रायन झोपायच्या डब्यातून जाईल, मी झोपायचा डबा घेतला तर तो बसायच्या डब्यातून जाईल, मी बसून गेलो तर तो मालगाडीने जाईल. शिवाय मला बोलण्याआधी विचार करावा लागतो. समोरच्याच्या मैदानात खेळायचं नाही, हा त्याचा निर्णय होता. पैसा कुठे लावायचा हे त्यावरून ठरलं.

गहूवर्गीय:
या निवडणुकीत आपल्याकडचा एक खरा धागा आहे, तो इथे नोंदवतो. ब्रायनचा सगळा युक्तिवाद चांदीवर होता: चांदीची नाणी मोकळेपणी पाडा, म्हणजे पैसा वाढेल, गव्हाचा भाव चढेल, शेतकरी कर्जातून सुटेल. गहू आणि चांदी एकत्र चढतात-उतरतात असं तो मांडायचा. १८९६ च्या पावसाळ्यात हिंदुस्थानात पाऊस दडी मारून बसला, पिकं गेली. त्याचा परिणाम जगाच्या बाजारावर होऊन ऐन प्रचारात अमेरिकेत गव्हाचा भाव वर गेला. चांदी मात्र खालीच. ब्रायनच्या मुख्य मुद्द्यातली हवा शेतकऱ्याच्या खळ्यावरच निघाली.

मुंबई इलाख्यातला तो ९६ चा दुष्काळ हाच. टिळक 'केसरी'तून फॅमिन कोडमधले हक्क लोकांना समजावून सांगत होते, ती हीच वेळ. इकडे माणसं उपाशी मरत होती आणि तिकडे त्याच पावसाच्या ओढीने आयोवातल्या शेतकऱ्याचं मत फिरत होतं.

कावेरीकाठ:
गहूवर्गीय, अंगावर काटा आला वाचून.

रेल्वेबाबू:
गाडीबद्दल कुणी तरी लिहील म्हणून थांबलो होतो. आता मीच लिहितो.

ब्रायनकडे बराच काळ स्वतःची गाडी नव्हती. नेहमीच्या प्रवासी गाडीचं तिकीट काढायचं, जंक्शनवर बदली करायची, सामान स्वतः उचलायचं. त्यामुळे कार्यक्रम वेळापत्रकावर लटकलेला. ध्वनिवर्धक नव्हते. दिवसाला वीस-तीस ठिकाणी उघड्यावर, फुफ्फुसांच्या जोरावर बोलायचं म्हणजे घसा किती टिकणार? खास डबा मिळाला तो ऑक्टोबरमध्ये.

आता त्याच्याशेजारी १९४८ चा डेमोक्रॅटिक उमेदवार, तेव्हाचा अध्यक्ष हॅरी ट्रुमन ठेवून बघा. डबा 'फर्डिनंड मॅजेलन', पुलमन कंपनीचा, १९४२ मध्ये रूझवेल्टसाठी चिलखती केलेला. बाजूंना, तळाला आणि छताला पाच अष्टमांश इंचाचा पोलादी पत्रा, खिडक्यांना तीन इंच जाडीची काच, वजन २ लाख ८५ हजार पौंड, म्हणजे सुमारे १२९ टन. मागच्या टोकाला कठडा असलेला उघडा सज्जा, वर लाउडस्पीकर. सैन्याच्या सिग्नल कोअरचा संपर्काचा डबा गाडीलाच जोडलेला.

एक थांबा असा चाले. त्या गावचे पुढारी आधीच्या स्टेशनवर गाडीत चढायचे आणि आपल्या गावापर्यंत अध्यक्षाबरोबर बसून यायचे. वॉशिंग्टनमध्ये पक्षाची छोटी संशोधन तुकडी प्रत्येक गावाचं टिपण बनवायची: मुख्य पीक काय, धरण कुठलं अडलंय, घरांची टंचाई किती, इथल्या काँग्रेस सदस्याने कशाविरुद्ध मत दिलं. ती टिपणं वाटेत गाडीपर्यंत पोहोचवली जायची. गाडी थांबली की शाळेचा बँड, पुढाऱ्याची चार वाक्यं, मग ट्रुमन पाच-दहा मिनिटं बोलणार, लिहून आणलेलं न वाचता. शेवटी 'माझ्या घरच्यांना भेटायचंय का?' असं विचारायचं. निळा मखमली पडदा सरकायचा, पत्नी बेस बाहेर यायच्या, मागोमाग मुलगी मार्गारेट. गाडी हलायची.

लिहिलेलं न वाचणं यात मोठी गोष्ट आहे. ट्रुमन कागदावरून वाचायला लागला की सपाट व्हायचा, टिपणावरून बोलला की रंगायचा. हे एप्रिलमध्ये लक्षात आलं आणि पुढचा दौरा त्यावरच उभा राहिला. साधारण ३१ हजार मैल, साडेतीनशेच्या आसपास भाषणं.

'व्हिसलस्टॉप' हा शब्दही तेव्हाचाच गाजलेला. रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट टाफ्ट म्हणाला की ट्रुमन पश्चिमेतल्या प्रत्येक शिट्टीच्या स्टेशनावर काँग्रेसला शिव्या घालत फिरतोय. शिट्टीचं स्टेशन म्हणजे आपल्याकडचा फ्लॅग हॉल्ट, इशारा असेल तरच गाडी थांबणार. डेमोक्रॅटांनी त्या मार्गावरच्या महापौरांना तारा केल्या: तुमच्या शहराला टाफ्ट काय म्हणाला, आवडलं का?

दस्तऐवज:
बाबूंनी लिहिलंय त्यात एक जोडतो: टाफ्टचं ते बोलणं जूनच्या दौऱ्याबद्दलचं. तो दौरा 'राजकीय नाही' असं जाहीर करून सरकारी खर्चाने काढला होता, म्हणून टीका जास्त झाली. सप्टेंबरपासून खर्च पक्षाचा, आणि पक्षाची तिजोरी रिकामी. ओक्लाहोमात गाडी पुढे न्यायलाच पैसे उरले नव्हते. तिथल्या राज्यपालांनी डब्यातच वर्गणी गोळा केली तेव्हा ती हलली.

आडवळण:
आणि ड्युईची गाडी! १२ ऑक्टोबर १९४८, इलिनॉयमधलं बोकू गाव. रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्युई सज्ज्यावरून बोलायला लागला आणि गाडी अचानक मागे, थेट जमावाकडे सरकली. कुणाला लागलं नाही. ड्युई माइकवरच बोलून गेला की असा वेडा इंजिनचालक मला पहिल्यांदाच मिळालाय, खरं तर पहाटे गोळी घालायला हवी, पण कुणाला इजा झाली नाही म्हणून सोडून देऊ.

रेल्वे कामगारांची मतं लाखांत. ट्रुमनने ते वाक्य पुढे सोडलं नाही.

व्हरांडा:
बघा, हाच माझा मुद्दा. ओसरी मागे सरकत नाही.

रेल्वेबाबू:
व्हरांडा, हे झकास! पण त्याच निवडणुकीने उलटंही दाखवलं. ड्युई चूक होऊ नये म्हणून इतका जपून, गुळगुळीत बोलत गेला की लोकांच्या हाती काही लागलं नाही. गॅलपने ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाहणीच थांबवली होती, शेवटच्या अंदाजात ड्युई पाच टक्क्यांनी पुढे. २ नोव्हेंबरला ट्रुमन ३०३, ड्युई १८९, फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांचा थर्मंड ३९. 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये छपाई कामगारांचा संप होता, अंक लवकर छापायला सोडावा लागायचा, म्हणून 'ड्युईने ट्रुमनला हरवलं' हा मथळा गेला. सेंट लुईस स्टेशनवर ट्रुमनने तो अंक उंच धरला, त्याच 'मॅजेलन'च्या सज्ज्यावरून.

शाईवाला:
मध्येच एक छपाईची गोष्ट. १८९६ ने आणखी एक वस्तू दिली: छातीवर लावायचा बिल्ला. १८६० मध्ये लिंकनचे बिल्ले होते, पण ते लोखंडी पत्र्यावर काढलेले छोटे फोटो. नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने सेल्युलॉइडचा बिल्ला आणला, पेटंट जुलै १८९६ चं. रचना अशी: खाली पत्र्याची वाटी, तिच्यावर छापील कागदाची चकती, त्यावर पारदर्शक सेल्युलॉइड. दोन्हींच्या कडा मागे वळवून धातूच्या कड्याने दाबायच्या आणि त्या कड्यात तारेची स्प्रिंगदार टाचणी अडकवायची. कागदावर छपाई असल्यामुळे रंग हवे तितके, आणि भाव पैशांत.

दुखणं एकच. कडेतून ओल आत शिरली की पत्रा गंजतो आणि कागदावर तपकिरी डाग येतात. ते डाग निघत नाहीत. जुने बिल्ले जमवणारे म्हणूनच आधी कड बघतात. पुढे थेट पत्र्यावर छपाई होऊ लागली, ती स्वस्त, पण त्या पहिल्या बिल्ल्यांची चकाकी तिला नाही.

मधुमालती:
टीव्हीचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

१९५२: आयझेनहॉवरच्या वीस सेकंदांच्या जाहिराती, कल्पना रॉसर रीव्ह्ज या जाहिरातवाल्याची. सामान्य माणूस प्रश्न विचारतो, जनरल उत्तर देतात. प्रत्यक्षात उत्तरं आधी चित्रित झाली, स्टुडिओत, एका दिवसात, चाळीसएक. चष्मा काढायला लावलेला, म्हणून अक्षरं मोठी करून फलकांवर लिहिली. मग न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलसमोरून पर्यटक गोळा केले आणि त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले. प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा एकमेकांना भेटलेच नाहीत.

१९६०: २६ सप्टेंबर, शिकागो, निक्सन आणि केनेडी यांचा टीव्हीवरचा वादविवाद. निक्सन गुडघ्याच्या संसर्गाने दोन आठवडे रुग्णालयात काढून आलेला, वजन उतरलेलं. सूट फिका करडा, मागचा पडदाही करडा, कृष्णधवल चित्रात माणूस भिंतीत मिसळला. नीट रंगभूषा नाकारली आणि दाढीची सावली झाकायला नुसती पावडर लावली. घाम आल्यावर ती दिसायला लागली. केनेडी गडद सुटात. 'रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असं वाटलं' हे सगळे सांगतात, पण त्याला आधार एका लहानशा पाहणीचा आहे. रेडिओ ऐकणारे मुळातच ग्रामीण आणि रिपब्लिकन बाजूचे जास्त असणार. ते विधान जपून वापरावं.

मग १९७६ पर्यंत वादविवाद का नाहीत? प्रसारण कायद्याच्या कलम ३१५ मुळे. एका उमेदवाराला वेळ दिला की सगळ्यांना, अगदी चिल्लर पक्षांनाही, तितकाच द्यावा लागायचा. १९६० पुरतं काँग्रेसने ते स्थगित केलं होतं. १९७५ मध्ये नियामक आयोगाने अर्थ लावला की बाहेरच्या संस्थेने भरवलेला वादविवाद ही 'बातमी' आहे, वाहिनी फक्त ती दाखवते. म्हणून १९७६ ला यजमान लीग ऑफ विमेन व्होटर्स. फिलाडेल्फियात ध्वनियंत्रणेतला एक किरकोळ कपॅसिटर गेला, पर्यायी जोडणी ठेवलेली नव्हती आणि आवाज बंद. फोर्ड आणि कार्टर २७ मिनिटं आपापल्या जागी उभे. कोट्यवधी लोक बघत होते, बोलायची सोय नव्हती.

गहूवर्गीय:
आपल्याकडे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ खाली. तिथे तसं काही आहे का?

दस्तऐवज:
देशभर लागू असा मौनकाळ तिथे नाही. बंधन आहे ते जागेचं. केंद्रापासून ठरावीक अंतरात प्रचार करायचा नाही, अंतर राज्यागणिक वेगळं. टेनेसीचा १०० फुटांचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये उचलून धरला. आता अनेक राज्यांत मतदान काही आठवडे आधीच सुरू होतं. तिथे ४८ तासांचं मौन पाळायचं तर ते कुठून मोजणार?

खर्चाचंही तसंच. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची कमाल मर्यादा आहे. तिथे १९७४ मध्ये घातली होती, १९७६ च्या बकली खटल्यात न्यायालयाने काढली: देणगीला मर्यादा चालेल, खर्चाला नाही. सरकारी निधी घेतला तर अट म्हणून मर्यादा. १९७६ मध्ये कार्टर आणि फोर्ड यांना प्रत्येकी २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. २००८ मध्ये ओबामांनी तो निधी नाकारला आणि ७० कोटींहून जास्त स्वतः उभे केले. मॅककेन ८ कोटी ४१ लाखांवर अडकले.

रोखठोक:
म्हणजे फिरून हॅनाच्या पाव टक्क्यावर आलो. १९०७ च्या टिलमन कायद्याने कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देणं बंद केलं. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना स्वतंत्रपणे खर्च करायची मुभा दिली.

निंबोणी:
फार सुंदर माहिती येतेय, सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न अर्धा राहिलाय. उमेदवाराने फिरणं हा नियम कधी झाला?

दस्तऐवज:
एक तारीख द्यायची तर मी २ जुलै १९३२ देईन. फ्रँकलिन रूझवेल्ट ऑल्बनीहून विमानाने शिकागोच्या अधिवेशनात गेला आणि उमेदवारी तिथेच स्वीकारली. समिती घरी येऊन 'कळवणार' हा संकेत त्याने त्या दिवशी मोडला. विमान समोरच्या वाऱ्यात अडकलं, नऊ तास लागले, प्रतिनिधी ताटकळले. पोलिओने पाय गेलेला माणूस देश पेलू शकेल का, ही कुजबुज चालू होती. तिला त्या प्रवासाने उत्तर मिळालं.

व्हरांडा:
माझ्या मते खरी शेवटची ओसरी १९२० ची, ओहायोतल्याच मॅरियन गावी वॉरन हार्डिंगची. सहा लाखांच्या आसपास लोक आले. कँटनला गवताचं काय झालं ते पक्षाला ठाऊक होतं, म्हणून अंगणात खडी टाकून घेतली. पत्रकारांसाठी मागे वेगळी खोली, रोज बातमी. चार वर्षांनी अधिवेशनं रेडिओवर ऐकू आली आणि लोकांना ओसरीपर्यंत आणायचं कारणच उरलं नाही.

मधुमालती:
फिरण्यालाही धोका आहे, हे निक्सनने १९६० मध्ये दाखवलं. पन्नासही राज्यांत जाईन असा शब्द उन्हाळ्यात देऊन बसला. मग गुडघ्याने दोन आठवडे खाल्ले. मतदानाला दोन दिवस उरले असताना तो शब्द पाळायला अलास्कात होता, तीन इलेक्टोरल मतांसाठी. तेव्हा इलिनॉयची २७ मतं लोंबकळत होती. ते राज्य त्याने नऊ हजारांच्या आत मतांनी गमावलं.

आडवळण:
१९६८ चं राहिलं. डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्रीने एकही प्रायमरी (उमेदवार ठरवण्यासाठीची पक्षांतर्गत निवडणूक) न लढवता उमेदवारी मिळवली, अधिवेशनाच्या वेळी शिकागोत रस्त्यावर डोकी फुटली आणि त्यानंतर पक्षाने नियमच बदलले. १९७२ पासून उमेदवारी मिळवायलाच गावोगाव जावं लागतं. आयोवात १९७६ ला कार्टर २७ टक्क्यांच्या आसपास होता, 'कुणालाच नाही' म्हणणारे ३७ टक्के, तरी पहिला आलेला उमेदवार म्हणून मथळा त्याचा. निंबोणी, फिरणं सक्तीचं झालं ते इथे. त्याआधी ती मर्जी होती.

निंबोणी:
आडवळण, हे पटलं. निवडून यायला ओसरी पुरेल कदाचित, पण उमेदवारी मिळवायला आता ती पुरत नाही.

शेवटचा एक प्रश्न. यातल्या ओसऱ्या आज बघता येतात का? ओहायोत राहणाऱ्या मंडळींना सांगायचंय.

व्हरांडा:
कँटनचं मॅकिन्लीचं घर राहिलेलं नाही, १९३० च्या दशकात पाडलं. मेंटरला १८८० चा रिपब्लिकन उमेदवार गारफिल्ड याचं घर 'लॉनफिल्ड' आहे, राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. प्रचाराची पहिली ओसरी तिथेच सजली. आवारातली तारघराची छोटी इमारत चुकवू नका, न्यूयॉर्कशी संपर्क तिथून चालायचा. गारफिल्ड जर्मन पाहुण्यांशी जर्मनमध्ये बोलला तोही इथेच. मॅरियनला हार्डिंगचं घर संग्रहालय म्हणून उभं आहे, गोल ओसरीसकट. ती ओसरी दुसरी. आधीची १८९९ मध्ये, तो राज्याच्या सिनेटवर निवडून आल्याच्या रात्री जमलेल्या लोकांच्या वजनाने कोसळली होती. नवी भक्कम बांधून घेतली, म्हणून १९२० ला टिकली.